टाइमकीपरांची दीडपट चाल

गुडघा टाइमकीपरांचा, जिना इमारतीचा आणि निकाल लेकीचा, असा हा एकूण मामला होता. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला, ते लिफ्टनं ये-जा करत होते. टाइमकीपरांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीनं, म्हणजे चिमीनं, फोनवर सांगून टाकलं, "बाबा, महिनाअखेरपर्यंत तुम्ही न थांबता तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलात तर ठीक. नाही तर ते घर विकायचं आणि माझ्या शेजारी तळमजल्यावर यायचं. रोज चालतानाचा व्हिडिओ पाठवा. सबबी चालणार नाहीत."

आता बघा, ज्या माणसानं उभी हयात कारखान्याच्या फाटकाशी बसून कोण वेळेवर आला आणि कोण उशिरा आला हे टिपण्यात घालवली, त्याला त्याच्याच पोटच्या पोरीनं हजेरी लावायला सांगावं! निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना टाइमकीपरच म्हणायची आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. घरात खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. तिथून सगळा रस्ता दिसे. पेपरवाला आज रेंगाळला, समोरच्या दवाखान्यातली नर्स लवकर सटकली, शाळेची बस कोपऱ्यावर उगाच उभी राहिली, असल्या नोंदी ते अजून मनातल्या मनात घेत असत. तळमजल्याच्या खिडकीतून काय दिसणार? लोकांच्या चपला. चपलांची हजेरी घेत म्हातारपण काढायचं?

"त्यात काय एवढं," ते बायकोला म्हणाले, "मी चालतो, तू फोन धर."

काकूंनी फोन धरला. (इमारत त्यांना काकू म्हणते, आपणही तेच म्हणू.) पहिल्या खेपेला छत आलं. मग काकूंचा अंगठा आला, तोही चांगला ठळक. त्यानंतर फोन आडवा का उभा यावरून जरा बोलाचाली झाली आणि शेवटी टाइमकीपर ताठ मानेनं दारापासून खिडकीपर्यंत चालत गेले. आपण जवानासारखे गेलो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि व्हिडिओ लावला.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्हीच."

पडद्यावर एक म्हातारा माणूस भिंतीचा अंदाज घेत, एक पाय टाकून दुसऱ्याची मनधरणी करत येत होता. टाइमकीपरांनी तो पुन्हा पाहिला. चेहरा आपला, सदरा आपला, पण चाल? छे! "तुझा फोन हळू चालवतोय," त्यांनी निकाल दिला, "मी एवढा वेळ घेतलाच नव्हता." काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

फोनची तक्रार घेऊन टाइमकीपर समोरच्या दारात गेले. तिथं राहणाऱ्या गृहस्थांचं नाव इमारतीत सर्वज्ञ पडलं होतं, आणि ते कौतुकानं पडलंय असा त्यांचा समज होता. नळाच्या वॉशरपासून नातवाच्या शिक्षणापर्यंत कशावरही त्यांचा सल्ला तयार असे. विचारायची गरज नसे, त्यांच्या दारावरून गेलं तरी पुरे. आज तर गिऱ्हाईक आपल्या पायानं, तेही तसल्या पायानं चालत आलेलं. ते एकदम खुलले.

"अहो, व्हिडिओ म्हणजे असतं काय? नुसते फोटो! एकामागून एक भराभर सरकवलेले. डोळ्याला वाटतं माणूस चालतोय. खरं तर तो जागोजागी उभाच असतो."

टाइमकीपर गोंधळले. "म्हणजे मी चालत नाही?"

"व्हिडिओत नाही."

"मग चालतंय कोण?"

"कोणीच नाही. फोटो सरकतायत."

"पण गुडघा तर माझा दुखला!"

"तो बाहेरचा गुडघा हो. मी आतलं सांगतोय." सर्वज्ञांनी आवाज खाली आणला. "आणि ते फोटो किती वेगानं सरकवायचे, हे आपल्या हातात असतं. अर्धपट, दीडपट, दुप्पट. हे बघा, इथं बोट लावायचं."

त्यांनी बोट लावलं, आणि पडद्यावरचा तो म्हातारा दारापासून खिडकीपर्यंत असा ताडताड गेला की टाइमकीपरांचा ऊर भरून आला. हा मात्र ओळखीचा वाटला. हाच तो, ज्याला ते रोज मनात चालताना बघत होते. खोटं म्हणावं तर एकही फोटो खोटा नाही, पाय त्यांचे, पावलं त्यांची, फक्त पानं जरा पटापट उलटली. कारखान्यात कोणी घड्याळाचा काटा असा पुढे ढकलला असता तर त्यांनी त्याला उभ्या उभ्या फाटकाबाहेर काढला असता. पण हा विचार त्यांना त्या वेळी सुचला नाही, आणि सुचला असता तरी त्यांनी तो सवडीनं करू म्हणून बाजूला ठेवला असता.

पाठवायच्या आधी एकदा बघू म्हणून दोघं बसले, तर व्हिडिओत टाइमकीपरांच्या डोक्यावर दिसणाऱ्या घड्याळाचा सेकंदकाटा पिसाटल्यासारखा पळत होता. खिडकीचा पडदा फडाफडा उडत होता. आणि मागून काकूंचं "सावकाश हं, सावकाश" हे असं चिरक्या आवाजात येत होतं की उंदरानं म्हटलं असावं. घड्याळ उतरवलं, पडदा बांधला, टाइमकीपर पुन्हा चालले. आवाजाचं काय करायचं? "आवाज कशाला हवा? चाल बघायचीय ना? आवाज काढून टाका," सर्वज्ञ म्हणाले. आवाज निघाला. चिमीचं उत्तर आलं, "छान बाबा. उद्या पुन्हा पाठवा." एवढंच. टाइमकीपरांना आकाश ठेंगणं झालं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनाही तेच व्हिडिओ हवे होते, आणि ते हॉस्पिटलच्या ॲपमधूनच पाठवायचे असा नियम होता. ॲप म्हणालं, फाइल फार मोठी आहे. सर्वज्ञांनी चित्राचा दर्जा उतरवला. ॲप म्हणालं, अजून मोठी आहे. सर्वज्ञांनी आणखी उतरवला. आता टाइमकीपरांचं नाक आणि मिशी एक होऊन एक चौकोन झाला आणि सदऱ्यावरच्या रेघा गायब झाल्या. ॲप म्हणालं, रुग्णाचा चेहरा ओळखता येत नाही.

हेल्पलाइनला फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला, "सर, रिझोल्यूशन वाढवा."

"वाढवलं तर मोठी होते म्हणतं."

"मग कमी करा."

"कमी केलं तर चेहरा जातो!"

"मग सर, चेहरा कॅमेऱ्याच्या जवळ आणा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. चेहरा जवळ आणला तर पाय कसे दिसणार, आणि तपासणी गुडघ्याची असताना चेहऱ्याचं काय एवढं, हे टाइमकीपरांनी काकूंना विचारलं, सर्वज्ञांना विचारलं, जिन्यात भेटलेल्या दूधवाल्यालाही विचारलं. दूधवाला म्हणाला, माझ्या मेव्हण्याचं पण असंच झालं होतं. काय झालं होतं ते मात्र त्यानं सांगितलं नाही. शेवटी फार खटपटीनं एक असा मधला आकार सापडला की ज्यात टाइमकीपर ओळखू येत, पण त्यांच्या ओळखीच्या माणसालाच.

मग आला जिना. चिमीची खरी परीक्षा तीच होती. सर्वज्ञ आता पुरते दिग्दर्शक झाले होते. "चेहरा दिसलाच पाहिजे. काकू, तुम्ही चार पायऱ्या पुढे राहा, कठडा धरा आणि यांच्याकडे तोंड करून चढा. टाइमकीपर, तुम्ही ओठ मिटून मंद हसायचं. दात दिसले की कष्ट दिसतात." स्वतः ते दुसऱ्या मजल्यावर लोकांना अडवायला उभे राहिले. पहिल्याच दिवशी भाजी घेऊन येणाऱ्या दोन बायका, सिलिंडरवाला आणि खुद्द इमारतीचे सेक्रेटरी अडले. बायका ऐकून घेऊन थांबल्या, सिलिंडरवाल्यानं ऐकून घेतलं नाही, आणि सेक्रेटरी म्हणाले, सामाईक जिन्यात शूटिंग करायचं तर रीतसर अर्ज करा. अर्जात उद्देश लिहायचा होता, कौटुंबिक की व्यावसायिक. टाइमकीपरांनी 'वैद्यकीय' लिहिलं. तसा रकाना नाही म्हणून अर्ज परत आला. सर्वज्ञांनी 'कौटुंबिक' लिहायला सांगितलं, तर सेक्रेटरींनी विचारलं, कुटुंबात कार्य कोणाचं आहे?

एवढं करून चित्रण व्हायचं आणि त्यात काही ना काही निघायचं. कधी मागून मांजर विजेसारखं जायचं. कधी वरून कोणी उतरायचं आणि दीडपट वेगात ते आग लागल्यासारखं पळताना दिसायचं. पुन्हा खाली जा, पुन्हा चढा. काकू पुढे, टाइमकीपर मागे, आणि मधूनच टाइमकीपरांचं, "अगं, हात हलवू नकोस! चल ना पुढे, थांबतेस काय?" रोज रात्रीच्या जेवणाआधी ते त्या दिवसाचा व्हिडिओ आपल्या पायांकडे डोळे लावून परत परत बघत.

हाव वाईट. एक दिवस सर्वज्ञांचं बोट दीडपटावरून दुप्पटीवर घसरलं आणि टाइमकीपर म्हणाले, "असू दे, बरं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाईंचा फोन. "काका, कमाल केलीत! इतकी प्रगती मी पाहिलेली नाही. आता व्यायाम दुप्पट करू. आणि तपासणीला याल तेव्हा जरा लवकर या, गंमत आहे."

गंमत अशी होती की हॉस्पिटलच्या दालनात भिंतीएवढा एक पडदा होता आणि त्यावर टाइमकीपर जिना चढत होते. इवल्याशा आकारात कोंबलेला तो व्हिडिओ तिथं भिंतभर ताणलेला. टाइमकीपर म्हणजे दहा-बारा रंगीत चौकोन झाले होते. ते चौकोन तुरुतुरु वर जायचे, संपायचे आणि पुन्हा खालून सुरू व्हायचे. खाली अक्षरं होती, 'आमचे आदर्श रुग्ण'. दालनात बसलेली माणसं आ वासून बघत होती. एक आजोबा बायकोला म्हणाले, "बघ, याला म्हणतात जिद्द. नाही तर मी." टाइमकीपरांनी मान खाली घातली आणि ते एका खांबाआड बसले.

तेवढ्यात बाईंनी दारातून हाक मारली, "या, आमचे हिरो या!" सगळ्या माना वळल्या. खांबापासून त्या दारापर्यंतचं अंतर एरवी काहीच नव्हतं. पण समोर भिंतीवर चौकोन दुप्पट वेगानं चढतायत आणि खाली हे एकपट वेगानं येतायत, हे सगळं दालन एकाच वेळी बघत होतं. पडद्यावरचे टाइमकीपर तिसऱ्या मजल्याला पोहोचले, परत खाली आले, परत निघाले, तरी हे आपले दालनाच्या मध्यावरच.

"हे ते नव्हेत," कोणीतरी म्हणालं.

"भाऊ असेल. थोरला," दुसरं कोणी म्हणालं.

व्यायामाच्या बाईंचं हसू हळूहळू मावळलं. "काका, आज बरं नाही का?" टाइमकीपर, "हवा जरा..." एवढं म्हणून थांबले. हवेचं पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. ते काकूंना घेऊन घरी निघाले. बाईंनी आता चिमीला कळवलं तर? खिडकी गेली, खुर्ची गेली, आणि वर म्हातारा लबाड ठरला तो वेगळाच. जिना चढताना त्यांना वाटलं, हे बहुधा शेवटचंच चढणं.

घरात चिमी बसली होती. न कळवता, आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडून आलेली, म्हणजे तिला कळलेलं असणार. त्यांची पाचावर धारण बसली. शेवटी त्यांनीच घसा खाकरून सुरुवात केली, "चिमे, ते व्हिडिओ... म्हणजे फोटो सगळे खरे आहेत बरं का. फक्त सरकवताना..."

"बाबा, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आईचा फोन मीच लावून दिलाय. त्यातलं सगळं आपोआप माझ्याकडेही साठतं. मूळचं, जसंच्या तसं, पूर्ण आकारात, आवाजासकट. तुम्ही नंतर त्याची कितीही कापाकापी करा, मूळ तिथं राहतंच. तुम्ही पाठवायचात ते मी बघितलंच नाही कधी."

टाइमकीपर मटकन खुर्चीत बसले. "मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? एका व्हिडिओसाठी तुम्ही किती वेळा चढत-उतरत होतात! व्यायाम करा म्हटलं असतं तर केला असतात का?" चिमी हसली. "परवाच्या मूळ व्हिडिओत तुम्ही एकदाही न थांबता वर आलात. तेही तुमच्या वेगानं. पास झालात तुम्ही."

टाइमकीपरांना हे समजायला वेळ लागला. म्हणजे खोटं पकडलं गेलं, आणि तरी पास? त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की हॉस्पिटलची सगळी फजिती ते विसरले. "मग राहिलं! घर विकायचं नाव काढायचं नाही!"

चिमी मात्र हसायची थांबली होती. काकू आत चहा टाकत होत्या. तिकडे एकदा बघून तिनं फोन काढला. "एरवी मी आवाज बंद करूनच बघायचे. परवा पहिल्यांदा ऐकला, म्हणून धावत आले. हे जरा आवाजासकट ऐका."

परवाचाच व्हिडिओ. आपल्या मूळ वेगात टाइमकीपर पायरी पायरी चढत होते. चपलेचा आवाज, कठड्याची करकर. आणि त्या सगळ्यावर, अगदी कानाशी, कोणाची तरी धाप. जोरजोरात, तुटत तुटत. जिन्याच्या वळणावर ती थांबे, घुसमटे, पुन्हा सुरू होई.

"मी एवढा धापा टाकतो?" ते घाबरून म्हणाले.

"नीट बघा बाबा. तुमचं तोंड मिटलेलं आहे. तुम्ही हसताय."

त्यांनी बघितलं. खरंच, पडद्यावरचा माणूस ओठ मिटून मंद हसत होता. धाप फोनच्या अलीकडून येत होती, फोन धरणाऱ्या माणसाची. आणि त्या धापेवर त्यांचाच आवाज आला, "चल ना पुढे, थांबतेस काय?"

टाइमकीपरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या कारखान्यात कोण किती मागे राहिला हे त्यांना तोंडपाठ असायचं, आणि इथं चार पायऱ्यांवर ही गुदमरत होती ते त्यांना दिसलं नाही. आठवडेच्या आठवडे त्यांनी तो पडदा पाहिला होता, तो आपल्या गुडघ्यासाठी. त्यांना स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकूंना डॉक्टरांकडे नेलं. त्या "मला काय झालंय, हात भरून येतो एवढंच" म्हणत होत्या, तरी नेलं. हृदय जरा थकलंय, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, गोळ्या घ्या, पण जिना टाळा. काकूंनी गोळ्या घेतल्या. जिन्याचं नाव काढू देईनात. "माझ्यापायी घर सोडायचं नाही. यांची खिडकी आहे ती. मी चढेन आपली दमादमानं." चिमीनं समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. काकू ढिम्म.

टाइमकीपर खुर्चीत बसून होते. रस्त्यावरून कोण आलं, कोण गेलं, त्यांचं लक्ष नव्हतं. एकाएकी ते उठले, दोन पावलं टाकली आणि उजवा गुडघा धरून "आई गं!" म्हणून ओरडले.

काकू धावत आल्या. "काय झालं?"

"काय व्हायचंय? जमत नाही मला. ते व्हिडिओ सगळे खोटे होते, विचार चिमीला. वेग वाढवून पाठवायचो. हा जिना माझ्याच्यानं व्हायचा नाही आता."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" काकू कडाडल्या. "गुडघ्यापेक्षा खिडकी मोठी आहे का? चिमे, उद्याच्या उद्या तुझ्या शेजारचं ते तळमजल्याचं घर बघ. आणि यांचं काही एक ऐकू नकोस."

चिमीनं बापाकडे बघितलं आणि नुसतं "बरं" म्हटलं.

इमारतभर झालं, टाइमकीपरांचं ऑपरेशन वाया गेलं. हॉस्पिटलनं भिंतीवरचे चौकोन उतरवले. सर्वज्ञ तर चिडलेच. "साफ खोटं आहे, हा माणूस सशासारखा चढतो, माझ्याकडे पुरावा आहे," असं ते ज्याला त्याला व्हिडिओ दाखवून सांगत सुटले. पण तो व्हिडिओ दुप्पट वेगाचा निघाला आणि लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं.

सामान हलेपर्यंत मधले दिवस तो जिना होताच. टाइमकीपर प्रत्येक वळणावर थांबत, कठडा धरत, "आई गं" म्हणत आणि गुडघा चोळत उभे राहत. काकूही शेजारी थांबत. "म्हणत होते ना सावकाश म्हणून," त्या धापा टाकत म्हणत, आणि टाइमकीपर "हो बाई, चुकलंच" म्हणत काकूंचा श्वास जागेवर येईपर्यंत गुडघा चोळत राहत. निघायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर ते असेच थांबले, आणि घाईत त्यांनी डावाच गुडघा धरला. काकूंनी काही वेळ बघितलं. मग वाकून त्यांचा हात उचलला, उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून त्या श्वास घेत उभ्या राहिल्या.